ट्रंकेतली वाकळ

पाहुणा येणार म्हटलं की आमच्या आईचा जीव स्वयंपाकात कमी आणि अंथरुणात जास्त गुंतायचा. ती म्हणायची, "जेवान येक वेळ कमी-जास्त झालं तर चालंल. पर मानूस रातभर कूस बदलत ऱ्हायला तर सकाळी त्याला तोंड कसं दावायचं?"

आमचा माण तालुका दुष्काळी. माणगंगेला पाणी चार दिवस, वाळू बाराही महिने. तिथं वाकळ धुणं म्हणजे साधं काम नव्हे. एका वाकळेच्या पाण्यात दोन बैलं पोटभर पितात. त्यामुळं घरातल्या सगळ्या वाकळा वर्षातून एकदाच, घट बसायच्या आधी धुतल्या जायच्या. सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, दगडावर पायानं तुडवायच्या, मग दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या. वली वाकळ एकट्या बाईला उचलत नाही. मग नदीच्या वाळूवर दिवसभर पसरलेल्या असायच्या. लांबून बघितलं तर कुणाचं तरी बिऱ्हाड उघडं पडल्यासारखं दिसायचं.

पाहुण्याची वाकळ मात्र वेगळी. आत आजीची दोन लुगडी, आज्याचं धोतर, वर आईचं लग्नातलं इरकली. टाके इतके बारीक की बोट फिरवलं तर कणसावरून फिरवल्यासारखं लागायचं. ती ट्रंकेत, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात असायची. सोबत सोलापुरी चादर आणि शेवरीच्या कापसाची उशी. उशीच्या अभ्र्यावर बहिणीनं दोन राघू काढलेले आणि खाली 'सुस्वागतम'. आम्ही पोरं मात्र ठिगळाच्या वाकळेत पाय वर घेऊन झोपायचो. पाय लांब केला की भोकातून बाहेर यायचा.

ही वाकळ सोयऱ्यांना निघायची, सर्कल मुक्कामाला आला तर निघायची. ते गेल्यावर आई ती धूत नसे. नुसतं ऊन दाखवायची आणि पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवायची.

बाकीच्यांना घोंगडं. आमच्याकडं म्हसवडची घोंगडी असायची, आणि आजीचं म्हणणं, लोकरीला विटाळ नाही. आता विचार केला की कळतं, किती सोयीचं शास्त्र होतं ते. ज्याला घरातली वाकळ द्यायची नाही त्याला घोंगडं द्यायचं. त्याची थंडीही भागते आणि आपलं सोवळंही.

1979 सालचा हिवाळा. आमच्या विहिरीचं काम चाललं होतं. पाच परसाखाली काळा खडक लागलेला. रोज सुरुंग, रोज घण. काम करणाऱ्या गड्याला आम्ही पोरं मामा म्हणायचो. त्याची जात मी सांगत बसत नाही. आजीला ती पक्की ठाऊक होती. एरवी तो विहिरीवरच खोपीत झोपायचा, पण त्या रात्री अंगात ताप होता म्हणून आईनं त्याला सोप्यात झोपायला लावलं. वडील ज्वारीच्या राखणीला गेलेले, घोंगडं त्यांच्याबरोबर. आईनं क्षणभर ट्रंकेकडं बघितलं आणि इरकलीची वाकळ काढली. आजी काही बोलली नाही. कूस वळवून झोपली.

सकाळी मामा ताप उतरल्यावर विहिरीवर गेला, आई रानात गेली, आणि आजीनं मला हाक मारली. "ती वाकळ तशी ट्रंकंत घालू नगंस. भाईर आन. पानी घाल तिच्यावर."

मी तेव्हा दहावी पास झालेला पोरगा. शाळेत रोज हात पुढं करून प्रतिज्ञा म्हटलेली. गावात भाषण करायला उभा केला असता तर जातिभेदावर पाच मिनिटं बोललो असतो. आणि मी मुकाट्यानं वाकळ बाहेर आणून दगडावर टाकली, हौदातून बादल्या भरभरून ओतायला लागलो. आजीवर ढकलायला सोपं आहे. ती जुन्या काळची होती, हे मीच कितीदा लोकांना सांगितलंय. पण आजीच्या हातात वाकळ उचलायचं बळच नव्हतं. माझे हात नसते तर ते काम झालंच नसतं.

तेवढ्यात मामा परत आला. त्याची तंबाखूची चंची सोप्यात राहिली होती. त्यानं वाकळ बघितली, माझ्या हातातली बादली बघितली. मी तसाच उभा. तो जवळ आला आणि म्हणाला, "वली वाकळ येकट्याला पिळाय व्हत न्हाई, धाकलं मालक." त्यानं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ती पिळली. त्याचा पीळ माझ्यापेक्षा घट्ट होता. मग चंची कनवटीला खोचली आणि गेला. पुढं विहिरीला पाणी लागलं. आम्ही आजही तेच पाणी पितो.

हे सगळं मी तीसेक वर्षं विसरलो होतो, म्हणजे विसरल्यासारखं केलं होतं. मोतीबिंदूचं दाखवायला पुण्याला गेलो, साडूच्या पोराकडं दोन रात्री राहिलो, तेव्हा ते वर आलं. पोरानं आणि सुनेनं कौतुकानं ठेवून घेतलं. पांढरी चादर, परीटघडीची. मी टाचांच्या भेगांची लाज वाटून दोनदा पाय धुऊन त्या चादरीवर चढलो. तिसऱ्या दिवशी निघायच्या आधी चहा घेत बसलो होतो, आणि समोर मशीन सुरू झालं. गोल काचेतून माझी चादर फिरताना दिसत होती. सून म्हणत होती, "काका, अजून थोडे पोहे घ्या की." मला घास गिळेना.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय जपून ठेवाय पायजे व्हती व्हय तुमची चादर?"

तिचं खरं होतं. त्या घरात कुणीही झोपून गेलं की चादर मशीनमध्ये जाते. सुनेचा बाप राहून गेला तरी जाते. आमच्या घरात मात्र सर्कल गेल्यावर ऊन आणि मामा गेल्यावर पाणी. दोन्हीकडं धुणंच, पण आमच्या धुण्यात निवड होती. एवढा साधा फरक. तरीही, जिथं निवड नव्हती तिथं मला पोहे गिळवले नाहीत. मग जिथं होती, तिथं ज्यानं दुसरं टोक धरलं त्याला रात्री भाकरी कशी गेली असेल?

आणि निवड धुण्यापासून सुरू होत नाही, ट्रंक उघडण्यापासून होते. गेल्या उन्हाळ्यात बोअर मारायला तमिळनाडूची गाडी आली. पाच पोरं, अंगावर दगडाची भुकटी आणि ग्रीस. रात्र झाली, म्हटलं इथंच झोपा. बायकोनं आतून विचारलं, "कंच्या काढू?" मी लगेच उत्तर दिलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण वेळ गेला, हे मला माहीत आहे. मग म्हणालो, "कपाटातल्या, नव्या काढ."

पोरांनी चादरी बघितल्या, एकमेकांत काही बोलली, आणि खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर आपली खताची पोती अंथरून झोपली. मी हातानं, खुणेनं किती सांगितलं, पोती काढा. हसली नुसती.

पहाटे गाडी सुरू झाली. बायकोनं चादरी गोळा केल्या आणि अंगणातल्या नळाकडं निघाली. तशी ती आता कुणीही राहून गेलं की धुतेच. मी म्हणालो, "जरा थांब."

"का वं?"

"गाडी वळणाआड जाऊ दे."

ती चादरी छातीशी धरून उभी राहिली. विहिरीची गोष्ट मी तिला तोवर सांगितली नव्हती.