सोडत क्रमाची आणि सोडत वाट्याची

निवृत्तांच्या घरात व्याजदर हा नित्याचा विषय असतो. त्यामुळे इंग्लंडात नोकरीस असलेला माझा पुतण्या दिवाळीसाठी पुंडलिकनगरात आला असता ठेवींवर बोलणे निघाले, यात नवल नव्हते. नवल वाटले ते त्याच्या एका सहज उद्गाराचे. "काका, मी व्याज घेतच नाही. माझी सगळी शिल्लक तिथल्या सरकारच्या प्रीमियम बाँडमध्ये आहे. मला दर महिन्याला बक्षीस लागतं आणि त्यावर एक पैसा कर नाही." कर नाही हे मला समजले, परंतु बक्षीस दर महिन्याला कसे लागते हे काही केल्या समजेना. जे नियमाने येते त्यास बक्षीस का म्हणावे, आणि जे बक्षीस आहे ते नियमाने कसे यावे, हा प्रश्न त्याच्या परतण्यानंतरही मनातून गेला नाही.

बचत खाते म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. आज देशातील सर्वांत मोठ्या बँकेत त्यावर अडीच टक्के व्याज मिळते, टपाल कचेरीत चार टक्के मिळते, आणि ते उत्पन्नात धरून त्यावर कर आकारला जातो. जुन्या कररचनेत साधारण खातेदारास दहा हजारांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकास पन्नास हजारांपर्यंतच्या व्याजाची वजावट आहे, नव्या रचनेत तीही नाही. पुतण्याच्या बाँडची तऱ्हा निराळी. हॅरल्ड मॅकमिलन अर्थमंत्री असताना १९५६च्या अंदाजपत्रकात ही योजना त्यांनी मांडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विक्री सुरू झाली आणि जून १९५७ मध्ये पहिली सोडत निघाली. प्रत्येक पौंडास एक क्रमांक मिळतो, त्यावर व्याज काहीच नाही. सर्वांच्या रकमेवर जे व्याज व्हावयाचे ते एकत्र करून दरमहा बक्षिसांच्या रूपाने वाटले जाते. मुद्दल सरकारकडे अबाधित राहते आणि मागाल तेव्हा परत मिळते.

हा केवळ परदेशचा प्रकार आहे असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्र राज्य स्थापन होण्याच्या बरोबर एक महिना आधी, १ एप्रिल १९६० रोजी, भारत सरकारने पाच वर्षे मुदतीचे बिनव्याजी बक्षीस रोखे विक्रीस काढले होते. रोखा पाच रुपयांचा होता आणि शंभर रुपयांचाही होता. दुसरी पंचवार्षिक योजना संपत आली होती, तिसरीसाठी पैसा हवा होता, आणि ज्याच्या गाठीस पाचच रुपये आहेत त्याचीही शिल्लक सरकारी खजिन्यात यावी असा हेतू होता. तेव्हा अर्थखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. मुंबई राज्यात दारूबंदीचा अंमल निष्ठुरपणे करणाऱ्या या कडव्या नीतिवाद्यास बक्षीस रोख्यात अनीती दिसली नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुढे १९६३ साली काढलेल्या प्रीमियम बक्षीस रोख्यांत मुदतीअखेर मुद्दलावर थोडे अधिमूल्यही देऊ केले गेले. त्यानंतर मात्र हा प्रवाह आटला. महाराष्ट्रात १२ एप्रिल १९६९ पासून राज्य लॉटरी सुरू झाली, आणि बक्षिसाची आशा बचतीपासून तुटून तिकिटाशी बांधली गेली.

या दोहोंतील भेद मला मूलभूत वाटतो. लॉटरीचे तिकीट घेणारा मुद्दल पणास लावतो. बक्षीस रोखा घेणारा केवळ व्याज पणास लावतो. पहिल्याचे हरणे म्हणजे जवळचे गमावणे, दुसऱ्याचे हरणे म्हणजे यावयाचे न येणे. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून आपल्या परंपरेने द्यूताचा जो धिक्कार केला, तो घर, दार आणि स्त्री पणास लावून सर्वस्व गमावणाऱ्या जुगाऱ्यास उद्देशून आहे. ज्याचे पाच रुपये पाच वर्षांनी पाचच राहिले, त्यास त्या जुगाऱ्याच्या पंक्तीस बसविणे न्यायाचे नाही.

इंग्लंडात नेमके हेच हॅरल्ड विल्सन यांनी केले. विरोधी बाकांवरून बोलताना मजूर पक्षाच्या या हुशार नेत्याने प्रीमियम बाँडची संभावना 'गलिच्छ सोडत' अशी केली, आणि राष्ट्राचे सामर्थ्य आता असल्या सोडतीच्या उत्पन्नावर उभे राहावयाचे काय, असा त्यांचा रोख होता. विल्सन हे अर्थशास्त्राचे पदवीधर आणि अध्यापक. मुद्दल आणि व्याज यांतील भेद त्यांस कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. तो कळत असून त्यांनी बाजूस सारला, हा माझा त्यांच्यावर आक्षेप आहे. सरकारने कर्ज उभारताना आशेचे आमिष दाखवू नये, हे त्यांचे तत्त्व मानले, तर १६९४ साली त्यांच्याच देशाने दहा पौंडांच्या तिकिटावर दहा लक्ष पौंड उभे केले आणि बक्षीस न लागलेल्या तिकिटासही सोळा वर्षे सालिना एक पौंड दिला, त्या व्यवहाराचे काय? आणि १९६४ साली विल्सन स्वतः पंतप्रधान झाल्यावरही ती 'गलिच्छ' सोडत बिनदिक्कत चालू राहिली. गरिबाच्या मनोरथांस वरून नीतीचा उपदेश करणे सोपे असते. त्याच्या हाती दुसरे काय दिले, याचा जाब मात्र उपदेशकाने द्यावयाचा असतो.

असा येथवर मी बक्षीस रोख्यांचा वकील होतो, आणि भारत सरकारने ते पुन्हा काढावेत अशी तजवीज सुचविण्याचा माझा मानस होता. कायद्याची आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ साली खाजगी बक्षीस-चिठ्ठ्यांविरुद्ध मत दिले आणि १९७८ साली संसदेने त्यांवर बंदी घातली. ठेवीदारांचे व्याज चालकांच्या खिशात जात होते आणि पुष्कळदा मुद्दलही बुडत होते, म्हणून ही बंदी योग्यच होती. सरकारी योजनांस मात्र त्या कायद्यातून वगळले आहे. अडचण आहे ती कराची. १९७२ पूर्वी लॉटरीचे बक्षीस आपल्याकडे करपात्र उत्पन्नच नव्हते. त्या वर्षीच्या वित्त कायद्याने ते उत्पन्न ठरले, आणि आज त्यावर सरसकट तीस टक्के कर आणि वर उपकर आहे. ज्याचे बाकीचे उत्पन्न करमर्यादेच्या कितीही खाली असेल, त्यासही या तीस टक्क्यांतून सूट नाही. म्हणजे एकाच रकमेवरील मोबदला व्याज म्हणून आला तर गरिबास कर शून्य, आणि बक्षीस म्हणून आला तर तोच कर धनिकाच्या दराने. तेव्हा इंग्लंडप्रमाणे बक्षीस करमुक्त करा, एवढे म्हटले की प्रश्न सुटला, असे मला वाटत होते.

परंतु करमुक्तीचा हिशेब मांडावयास बसलो आणि पुतण्याच्या दरमहाच्या बक्षिसाचे कोडे आपोआप उलगडले. अलीकडे तेथे एका पौंडाच्या क्रमांकास एका सोडतीत बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे बावीस हजारांत एक अशी राहिली आहे. एका माणसास जास्तीत जास्त पन्नास हजार पौंडांचे बाँड ठेवता येतात. जो पन्नास हजार ठेवतो त्यास या प्रमाणाने वर्षाला सरासरी सत्तावीस बक्षिसे लागतात, म्हणजे महिन्याला दोनाहून अधिक. जो शंभर पौंड ठेवतो त्यास सरासरीने अठरा वर्षांत एक. दरमहा दहा लक्ष पौंडांची दोन बक्षिसे असतात, ती सरासरी फुगवितात, म्हणून बहुतेकांच्या हाती जाहीर दराहून कमीच पडते, हे खरे. पण मोठ्या ठेवीदाराच्या वाट्यास येणाऱ्या रकमेत नशिबाचा अंश थोडा आणि नियमाचा अंश पुष्कळ असतो. रोखा एकच, सोडत एकच, क्रमांकही सारखेच. तरी तोच रोखा धनिकाच्या हाती व्याज होतो आणि गरिबाच्या हाती नशीब राहतो.

करसवलतीचेही तसेच. पन्नास हजार पौंडांवर चार टक्क्यांनी दोन हजार पौंड मोबदला होतो असे धरू. तेथील चाळीस टक्के कर भरणारास व्याजातील पाचशे पौंडांची सूट असते. म्हणजे साध्या खात्यात ठेवल्यास पंधराशेंवर सहाशे पौंड कर भरावा लागेल, आणि बाँडमध्ये ठेवल्यास तो वाचेल. ज्याचा पगारच करमर्यादेखाली आहे त्यास वाचविण्याजोगा कर मुळातच नाही. म्हणजे अनिश्चितता गरिबाने सोसावी आणि करमुक्ती श्रीमंताने घ्यावी, अशी ही वाटणी झाली. विल्सन यांनी सोडतीवर नीतीचा डाग पाहिला. मला तिच्यात वाटणीचा दोष दिसू लागला, आणि तो डागापेक्षा गंभीर आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी घेतो. चिठ्ठी टाकून निवाडा करणे आपल्यास नवे नाही. आमच्या शहरात म्हाडाची घरे सोडतीने मिळतात. शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांचे प्रवेश सोडतीने ठरतात. महानगरपालिकेच्या प्रभागांचे आरक्षणही सोडतीने निघते. अर्जदार शंभर आणि घर एक असले, तर घराचे शंभर तुकडे करता येत नाहीत. शाळेतील एका बाकावर चाळीस मुले बसविता येत नाहीत. जेथे वस्तू अविभाज्य आहे आणि हक्क सर्वांचा सारखा आहे, तेथे माणसाच्या मर्जीपेक्षा चिठ्ठी न्यायी, कारण चिठ्ठीस कोणाचा नातलग नसतो आणि तिला शिफारसपत्र चालत नाही. इंग्लंडातील पहिले सोडतयंत्र डॉलिस हिलच्या टपाल संशोधन केंद्रात बनले, जेथील अभियंत्यांनी महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणारे कोलोसस यंत्र उभे केले होते. निऑन दिव्यांतील विद्युत्प्रवाहाच्या अनियमित चढउतारांतून ते क्रमांक काढीत असे. चिठ्ठीवर कोणाचा हात राहू नये यासाठी मनुष्याने घेतलेले हे कष्ट मला आदरणीय वाटतात.

परंतु या विषयांतरानेच प्रश्न पुढे सरकला. व्याज घरासारखे अविभाज्य आहे काय? ते तर पैशापर्यंत विभागता येते. बँकांची दफ्तरे १ एप्रिल २०१० पासून बचत खात्याचे व्याज रोजच्या शिल्लकीवर काढीत आहेत. जे सर्वांस सारखे वाटता येते ते मुद्दाम एकत्र करून थोड्यांच्या पदरी टाकावयाचे, यास आधार कोणता?

आधार एकच आहे, आणि तो हलका नाही. शंभर रुपयांवरील वर्षाचे अडीच रुपये गरिबाच्या काही कामाचे नसतात. त्यास पाहिजे असते ती एकरकमी रक्कम, जिने मुलीची फी भरली जाईल, शिवणयंत्र येईल, रिक्षाचा पहिला हप्ता सुटेल. थेंबाथेंबाने येणारे व्याज ही भूक भागवीत नाही, म्हणून तो तिकिटाच्या टपरीकडे वळतो. बक्षीस रोख्यांची खरी कैफियत ही आहे.

ही भूक भागविण्याची युक्ती मात्र आमच्या गल्लीत सरकारच्या आधीपासून चालू आहे, आणि ती म्हणजे भिशी. गजानन महाराज मंदिराच्या बाजूस असो की चिकलठाण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, समजा वीस बायका दरमहा दोन हजार रुपये काढतात. चिठ्ठ्या टाकतात, कोणा लहान मुलाच्या हातून एक उचलतात, आणि जिचा नंबर लागला तिला चाळीस हजार एकरकमी मिळतात. पुढल्या महिन्यापासून तिची चिठ्ठी बाद, हप्ता मात्र चालू. विसाव्या महिन्यास प्रत्येकीस तिचे चाळीस हजार मिळालेले असतात. येथेही सोडत आहे, आशा आहे, दर महिन्याची उत्सुकता आहे. परंतु चिठ्ठी क्रम ठरविते, वाटा ठरवीत नाही. मुद्दल आणि व्याज हा भेद मी आजवर शेवटचा मानीत होतो. त्याच्याही पलीकडे क्रम आणि वाटा हा भेद आहे, आणि न्यायाची सीमारेषा तेथून जाते. एका बाईस एकच चिठ्ठी असल्यामुळे, पुष्कळ क्रमांक घेऊन नशिबास वेतनदार बनविण्याची सोयही तेथे कोणास नाही.

भिशीचे दोष मी लपवीत नाही. आधी रक्कम उचललेली बाई हप्ते थांबवू शकते; चालवणारीच गाव सोडून गेली तर दाद कोणाकडे मागावी हे कळत नाही; आणि जिचा नंबर शेवटी लागतो ती एकोणीस महिने दुसऱ्यांस बिनव्याजी पैसे वापरू देते. या तिन्ही दोषांवर इलाज करण्याचे सामर्थ्य सरकारपाशी आहे. टपाल कचेरीच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत शंभर रुपयांपासून दरमहा भरणा करता येतो आणि आज त्यावर ६.७ टक्के व्याज आहे. त्या ठेवीदारांपैकी जे इच्छितील त्यांचे गट करावेत. वर्षभर बिनचूक हप्ते भरणाऱ्यांस, एका माणसास एकच क्रमांक या नियमाने, क्रमाच्या सोडतीत घ्यावे. ज्याचा क्रमांक पुढे लागेल त्यास रक्कम आधी मिळावी, ज्याचा मागे राहील त्यास व्याज पूर्ण मिळावे, आणि हप्ता थकल्यास वसुलीची व हानीची जबाबदारी सरकारने घ्यावी. बक्षीस नसल्यामुळे तीस टक्क्यांचा प्रश्न उरत नाही, आणि करमुक्तीचा लाभ कोणास अधिक, हा वादही मिटतो.

१९६०चे रोखे परत आणा, असे म्हणावयास मी निघालो होतो. आता तसे म्हणवत नाही. पाच रुपयांच्या रोखेधारकास सरकारने आशा दिली, पण त्याच्याच व्याजातून दिली, आणि तिचे फळ ज्याच्यापाशी रोखे अधिक त्याच्याकडे सहज वळेल अशी रचना ठेवली. राज्यसंस्थेने नशिबाचा उपयोग अवश्य करावा; मात्र कोणास आधी आणि कोणास मागाहून, एवढेच नशिबाने ठरवावे. कोणास किती, हे ठरविण्याचे काम हिशेबाचे आहे, आणि ते चिठ्ठीवर सोपविण्याचा अधिकार कोणत्याही सरकारास नाही.