डब्याला कोपरा असतो का?

शेताच्या कोपऱ्यातले पीक कापू नये, ते गरीब व परक्यासाठी ठेवावे, अशी तोराची आज्ञा आहे (लेवीय 19:9-10). पण ज्याला शेतच नाही त्याने काय करावे?

दिमोना येथील आमच्या गॅलरीत तेलाचा एक रिकामा डबा होता. कोकणात आपले पूर्वज शनवार तेली. डबा वाया कसा जाऊ द्यावा! बुडाला भोके पाडून, अर्धी माती भरून मोड आलेले दोन बटाटे लावले. रोप वाढेल तशी माती चढवली, कारण उजेडात उघडा पडलेला बटाटा हिरवा व विषारी होतो. साडेतीन महिन्यांनी पाला सुकला. डबा उलटा केला तर जेमतेम दीड किलो!

यातून कोणाला काय द्यायचे? मिश्नाप्रमाणे साठाव्या भागाहून कमी कोपरा ठेवू नये. माझा हिशेब पंचवीस ग्रॅमचा, म्हणजे धड एक बटाटाही नाही. मन खुशीत आले, आणि त्याच खुशीची लाज वाटली. खालच्या मजल्यावर परदेशातून नुकत्याच आलेल्या एकट्या आजी राहतात. निम्मे बटाटे त्यांना दिले. आपणही येथे परकेच म्हणून उतरलो होतो ना?

वाचकहो, डबा गोल असो वा चौकोनी, त्यात कोपरा आपणच ठेवायचा असतो.