विकत घेतलेलं कुलूप

सिनेमाच्या डीव्हीडीवर बहुधा दोन कुलपं असतात आणि दोन्ही गिऱ्हाइकाच्याच पैशाने त्याच्या घरात येतात. पहिलं ‘कंटेंट स्क्रॅम्बल सिस्टीम’, म्हणजे सीएसएस. ते चित्र आणि आवाजाची माहिती विस्कटून ठेवतं. ती जुळवायची किल्ली परवाना घेतलेल्या प्लेअरपाशी असते. दुसरं प्रदेश-क्रमांकाचं. अमेरिकेचा क्रमांक १, युरोप आणि जपानचा २, भारताचा ५. अमेरिकेतल्या भाच्याने हौसेने आणलेली डिस्क पुण्यातल्या प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर सिनेमाऐवजी नकार उमटतो. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये हा क्रमांक बदलता येतो, पण पाचच वेळा. पाचव्यांदा जो निवडाल, तो कायमचा.

ही कुलपं उघडणं ही चोरी आहे का? माझं उत्तर असं, की नुसत्या उघडण्याला पाप म्हणता येत नाही. पाप-पुण्याचा हिशेब उघडल्यानंतर सुरू होतो. मात्र हे उत्तर दिसतं तितकं सोयीचं नाही.

१९९९च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेतल्या यॉन लेक योहानसन या पंधरा वर्षांच्या मुलाने दोन अनामिक साथीदारांबरोबर लिहिलेला ‘डीसीएसएस’ हा प्रोग्राम जगापुढे ठेवला. त्या प्रोग्रामने सीएसएसचं कुलूप उघडत होतं. लिनक्सवर चालणारा परवानाधारक प्लेअर तेव्हा बाजारात नव्हता आणि विकत घेतलेली डिस्क आपल्या संगणकावर पाहता यावी, असं त्याचं म्हणणं होतं. सीएसएसची किल्ली चाळीस बिटांची, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला आकडा प्रचंड, पण रचनाच कच्ची असल्याने जाणकारांना तेवढ्या शक्यता तपासाव्याही लागल्या नाहीत. योहानसनवर खटला झाला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात अपिलातही तोच निकाल लागला. स्वतः रीतसर विकत घेतलेली डिस्क पाहण्यासाठी केलेली खटपट गुन्हा ठरली नाही.

अमेरिकेत उलट घडलं. तिथल्या १९९८च्या कायद्याने कुलूप चुकवणं आणि त्यासाठीची साधनं पुरवणं यांवरच बंदी घातली होती. त्यामुळे २००० साली न्यायाधीश लुइस कॅप्लन यांनी ‘२६००’ या नियतकालिकाला हा प्रोग्राम देण्यास मनाई केली. तो जिथे मिळतो तिथल्या दुव्यांनाही. पुढे दर तीन वर्षांनी सवलतींचा विचार होत गेला. २००६ मध्ये सिनेमा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना वर्गासाठी चित्रफितींचे तुकडे काढायची मुभा मिळाली, २०१० मध्ये माहितीपट करणाऱ्यांना. आपल्याच कपाटातल्या डिस्कमधला दोन मिनिटांचा प्रसंग विद्यार्थ्यांना दाखवायला सरकारदरबारी अर्ज करावा लागावा, यातच त्या कायद्याची गोची दिसते.

भारताने कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीत कलम ६५अ आणताना वेगळी वाट धरली. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायद्याने स्पष्टपणे न रोखलेल्या कामासाठी चुकवलं तर हे कलम लागत नाही. त्याच दुरुस्तीने खासगी वापरासाठीच्या रास्त व्यवहाराची सूट सिनेमालाही दिली. कलम ६५अमध्ये एक मजेशीर अट आहे. न रोखलेल्या कामासाठी कुलूप चुकवायला दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवायची. असं रजिस्टर मी तरी कुठल्याही संगणक-दुरुस्तीच्या दुकानात पाहिलेलं नाही. पण हेतू पाहण्याचं तत्त्व मला पटतं.

आता निर्मात्याची बाजू. मराठी सिनेमाचा निर्माता आधीच काठावर उभा असतो. फूटपाथवर नकली डिस्क विकली गेली की त्याच्या पोटावर पाय येतो, आणि ‘मी फक्त माझ्यासाठी’ ही सबब चोरालाही पाठ असते. हे मान्यच. तरी कुलूप अडवतं कुणाला, हे बघायला हवं. कारखान्यात हुबेहूब डिस्क छापणाऱ्याला ते फोडावंच लागत नाही. तो कुलपासकट नक्कल काढतो. घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या कोऱ्या डिस्कवर मात्र किल्लीची जागा आधीच निकामी केलेली असते. म्हणजे अडकतो तो घरचा माणूस. पण त्याच घरच्या माणसाने उघडलेली एक प्रत बाहेर सुटली, तर ती जगभर पुरते. म्हणूनच त्याच्या निर्दोषपणाला जबाबदारी चिकटलेली आहे.

ती कशी पाळायची? डिस्क माझ्या पैशाची असावी. लायब्ररीतून आणलेली उतरवून घेणं म्हणजे भाड्यात मालकी लाटणं. प्रत घराबाहेर जाऊ नये. नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे घर नव्हे. आणि डिस्क विकली किंवा कुणाला दिली, तर प्रतही पुसावी. ही तिसरी अट सगळ्यांत अवघड, कारण ती पाळली की नाही हे कुणालाच कळत नाही.

निर्मात्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. त्यांत प्रभात फिल्म कंपनीचा ठेवाही होता. सिनेमा टिकतो तो प्रती अनेक ठिकाणी असल्याने. डिस्कही अमर नसते. तिचा थर खराब होतो, प्लेअर बंद पडतात, आणि कंपनी बुडाली तर बदली डिस्क मागायची कुणाकडे? अशा वेळी कायदेशीर ग्राहकाने काढून ठेवलेली प्रत निर्मात्याचं काहीच हिरावून घेत नाही.

तेव्हा कायद्याने हेतू तपासावा आणि ग्राहकाने स्वतःला. निर्मात्याच्या मिळकतीतला हिस्सा ज्याने खाल्ला, त्याला शिक्षा जरूर व्हावी. पण पैसे मोजून घेतलेला सिनेमा आपल्याच घरात, आपल्याला हव्या त्या यंत्रावर पाहणाऱ्याला त्याच्या रांगेत उभं केलं, तर प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहण्याचं कारणच उरत नाही. आणि कुठलंही कुलूप अखेर त्याच्याच भरवशावर टिकतं.