अकरावीचे विषय आणि बारावीचे वर्ष

महाराष्ट्र राज्य मंडळाची दहावी संपली की विद्यार्थ्यासमोर विज्ञान, वाणिज्य आणि कला या तीन शाखा येतात. यांपैकी कोणती घ्यायची हे बहुतेक घरांत निकालाचे टक्के ठरवतात. टक्के भरपूर असतील तर विज्ञान, जरा कमी असतील तर वाणिज्य आणि उरलेल्यांना कला, ही उतरंड इतकी रुजली आहे की नव्वद टक्क्यांचा मुलगा कला शाखेचे नाव काढतो तेव्हा नातेवाईक आईवडिलांची समजूत घालायला येतात.

या टक्क्यांत नेमके काय मोजलेले असते, हे मात्र फारसे कोणी तपासत नाही. दहावीला सहा विषय असतात : तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. २०१० पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’नुसार सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय टक्केवारीसाठी धरतात. सहावा विषय गणतीतून निघून जातो, आणि तो गणितही असू शकतो. गणितात पुन्हा १०० पैकी २० गुण शाळेच्या हातचे. म्हणजे ९२ टक्क्यांच्या गुणपत्रिकेत गणिताचा पाया कच्चा असू शकतो आणि ७८ टक्क्यांच्या गुणपत्रिकेत तो पक्का असू शकतो. शाखा ठरवण्यापूर्वी गुणपत्रिकेत सर्वांत आधी गणतीतून सुटलेला विषय पाहावा, मग गणित आणि विज्ञान यांचे लेखी परीक्षेतले गुण पाहावेत. एकूण टक्के अखेरीस.

विज्ञानाकडे ओढा असण्याचे एक कारण खरे आहे. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्याला पुढे बी.ए. किंवा बी.कॉम.कडे वळता येते. कला किंवा वाणिज्य शाखेतून अभियांत्रिकीला वा वैद्यकीयला जाता येत नाही. म्हणून ‘आधी सायन्स घेऊन ठेव, पुढचे पुढे’ असा सल्ला मिळतो. पण ज्याला भौतिकशास्त्र मुळातच नको आहे, त्याची दोन वर्षे या सल्ल्यात जातात आणि बारावीच्या निकालानंतर तो पहिल्या वर्षाच्या वर्गात आत्मविश्वास गमावून बसतो. खरा प्रश्न शाखेचा कमी आणि गणिताचा जास्त आहे. वाणिज्य शाखेत गणित किंवा चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे एस.पी., यांतून एक निवडायचे असते आणि सोपे म्हणून बरेच जण एस.पी. घेतात. त्याच क्षणी दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सची आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बी.स्टॅट.ची वाट बंद होते, कारण दोन्हीकडे बारावीला गणित लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणतीही शाखा चालते, पण तिथल्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. झेपत असेल तर गणित ठेवावे, हा नियम तिन्ही शाखांना लागू आहे.

विज्ञान शाखेत गट ठरवावा लागतो. अभियांत्रिकीसाठी भौतिक, रसायन आणि गणित. वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतल्यास दोन्ही वाटा खुल्या राहतात. अभ्यास मात्र त्या मानाने वाढतो. औषधनिर्माणशास्त्राला दोन्ही गट चालतात, हे अनेकांना उशिरा कळते. दुसरा पर्याय बायफोकलचा. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स असा २०० गुणांचा विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. प्रॅक्टिकल भरपूर आणि गुण हमखास, म्हणून बायफोकलच्या जागांना मागणी असते.

मराठीचे काय होते, हेही इथेच पाहायला हवे. बारावीला इंग्रजी सक्तीची आहे. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आय.टी., घेता येते. त्याची परीक्षा संगणकावर होते आणि गुण चांगले पडतात. परिणामी मराठी घरांतली हजारो मुले पंधराव्या वर्षी मराठीचे पाठ्यपुस्तक कायमचे मिटतात. आय.टी. उपयुक्त आहे, यात वाद नाही. पण ज्या भाषेत मूल विचार करते, त्या भाषेत चार परिच्छेद सलग लिहिण्याचा सराव केवळ दहाबारा गुणांसाठी सोडणे हा तोट्याचा व्यवहार आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांचे हाल तर आणखी वेगळे. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘अपवर्तन’ शिकलेला मुलगा अकरावीत अॅक्सिलरेशन आणि रिफ्रॅक्शन ऐकतो, आणि पहिले तीन महिने विषय कळत नाही की शब्द कळत नाही, हेच त्याला उमगत नाही. दहावीच्या सुट्टीत दोन्ही भाषांतल्या संज्ञांची एक वही तयार केली, तर हा काळ बराच कमी होतो.

विज्ञान शाखेत बारावीच्या वर्षात परीक्षा एक नसून दोन असतात : मंडळाची आणि प्रवेशाची. मंडळाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरला ७० गुणांसाठी तीन तास आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण. अभियांत्रिकी प्रवेशाच्या एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनाचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ पुन्हा ९० मिनिटे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये बरोबर उत्तराला चार मिळतात आणि चुकीला एक जातो. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे.

दोन परीक्षा दिसायला वेगळ्या असल्या तरी अभ्यास एकच आहे. दोरीला बांधलेला दगड उभ्या वर्तुळात फिरवण्याचे प्रकरण घ्या. सर्वांत खालच्या बिंदूला किमान वेग किती हवा, याची सिद्धता मंडळ मागते : आकृती, बलांचे समीकरण, ऊर्जा अक्षय्यता आणि शेवटी ५ गुणिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण याचे वर्गमूळ. सीईटी तीच गोष्ट विचारते, फक्त त्रिज्या दोन मीटर, गुरुत्वत्वरण दहा धरा, वेग सांगा. १०० चे वर्गमूळ, उत्तर सेकंदाला दहा मीटर. ज्याने सिद्धता हाताने लिहिली आहे, त्याला हे काही सेकंदांत सुचते. ज्याने नुसते सूत्र पाठ केले आहे, तो प्रश्न वरच्या बिंदूविषयी आला की फसतो, कारण तिथे पाच नसतात. म्हणून आधी पाठ्यपुस्तक, मग सिद्धता लिहून काढणे, मग घड्याळ लावून प्रश्न, हा क्रम उलटा करू नये. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. अकरावी ‘विश्रांतीचे वर्ष’ मानणारे ते गुण आधीच सोडून देतात.

सराव परीक्षांवर भर देणारा लातूर पॅटर्न राज्यभर गाजला. वारंवार चाचण्या आणि चुका वर्गात तपासून घेणे, हे त्याचे बळ. त्याची नक्कल करताना अनेक ठिकाणी चाचण्या उरल्या आणि चुका तपासणे गळाले. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि हजेरी क्लासमध्ये, ही ‘इंटिग्रेटेड’ पद्धत त्याहून वाईट. प्रयोगशाळेत पाय न ठेवता मुले विज्ञानाचे पदवीधर व्हायला निघतात. फी भरण्यापूर्वी पालकांनी एकदा तरी त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा उघडून पाहावी.

प्रवेशाचे नियमही वेळेवर वाचायला हवेत. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे. पसंतीक्रम देताना पहिले नाव विचारपूर्वक लिहावे. तिथे जागा मिळाल्यास प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. ज्याचे हात कामात रमतात, त्याला दहावीनंतर तीन वर्षांचे पॉलिटेक्निक करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

आणि कागदपत्रे. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडील-आजोबांच्या शाळेच्या जुन्या नोंदी गावोगावी शोधाव्या लागतात. उत्तम गुण असूनही या एका कागदासाठी धावाधाव करणारी कुटुंबे दर वर्षी दिसतात. वैधतेचा अर्ज अकरावी विज्ञानात असतानाच महाविद्यालयामार्फत करता येतो. घरात अकरावीचे मूल असेल, तर तो अर्ज या सुट्टीतच भरा.