जागा रिकामी नसताना

मालकाला माणूस बदलण्याचा अधिकार आहे, हे सुरुवातीलाच मान्य करतो. धंद्याची गरज बदलते, कामाचं स्वरूप बदलतं, कधी माणूस कमी पडतो, कधी दोघांचं पटत नाही. नोकरी म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे. माझा आक्षेप आहे तो माणूस जागेवर असताना, त्याला अंधारात ठेवून, त्याच्याच खुर्चीसाठी दुसरा शोधण्याला. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांत ही पद्धत इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असं फारसं कोणाला वाटत नाही. 'कन्फिडेन्शियल रिप्लेसमेंट' असं तिला रीतसर नावही आहे. जाहिरातीत कंपनीचं नाव घालायचं नाही, उमेदवाराला ते अगदी शेवटी सांगायचं, मुलाखती ऑफिसात न घेता हॉटेलच्या लॉबीत किंवा व्हिडिओ कॉलवर घ्यायच्या, असं कन्सल्टंटला बजावलेलं असतं.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ भोसरीतल्या एका ऑटो कॉम्पोनंट कारखान्यात परचेस मॅनेजर होते. एके दिवशी एका सप्लायरने त्यांना व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. 'साहेब, तुमच्याच लाइनची आहे, कोणी असेल तर सांगा.' जाहिरातीत 'भोसरी एमआयडीसीतील नामांकित कंपनी' एवढाच उल्लेख होता. खाली कामाचं वर्णन होतं: प्रेस शॉपसाठी कच्च्या मालाची खरेदी, जॉबवर्कला गेलेल्या मालाचा हिशेब, प्लेटिंगच्या व्हेंडरांचं ऑडिट आणि नव्या ईआरपी सॉफ्टवेअरवर खरेदीचं काम बसवणं. ही चारही कामं एकाच माणसाकडे असलेली जागा त्यांच्या माहितीत एकच होती, त्यांची स्वतःची. शब्दही ओळखीचे होते. काही आठवड्यांपूर्वी 'ऑडिटला दाखवायची आहे' म्हणून त्यांच्याकडून कामांची यादी लिहून घेतली होती. जाहिरात त्या यादीवरून उतरवली होती.

नोकरी जाणार याचा धक्का बसलाच, पण त्यांना खोलवर लागलं ते दुसरंच. त्याच सुमारास चाकणच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं होतं. 'इथलं ईआरपी मार्गी लागेपर्यंत मला हलता येणार नाही,' असं सांगून त्यांनी नकार कळवला होता. हे त्यांनी आपल्या साहेबांच्या कानावरही घातलं होतं, आणि साहेब म्हणाले होते, 'बरं केलंत.'

या 'बरं केलंत'मध्ये अन्यायाचा गाभा आहे. अशा प्रसंगाबद्दल बोलताना आपण अपमान, विश्वासघात, वाईट वाटणं असे शब्द वापरतो, आणि समोरचा लगेच म्हणतो की धंद्यात भावना आणू नका. ठीक आहे, भावना बाजूला ठेवू. नोकरदार माणसाचे सगळे मोठे निर्णय 'नोकरी आहे' या एका गृहीतकावर उभे असतात. फ्लॅटचं कर्ज घ्यायचं की नाही, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, आलेली ऑफर स्वीकारायची की सोडायची, हे सगळं तो त्या भरवशावर ठरवतो. कंपनीने शोध सुरू केला त्या दिवशी ते गृहीतक खोटं झालेलं असतं. कंपनीला ते माहीत असतं, त्याला नसतं. आणि कंपनी त्याला त्याच खोट्या भरवशावर निर्णय घेऊ देते. हे नुकसान रुपयांत मोजता येतं. नोकरीत असलेल्या माणसाला नव्या ठिकाणी जो भाव मिळतो, तो 'सध्या काय करता?' या प्रश्नापाशी अडखळणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाला मिळत नाही. शोधाचे ते महिने त्याच्या हाताशी होते. ते कंपनीने परस्पर वापरले.

आता नोटीस पिरियडकडे पाहा. पुण्याच्या आयटी कंपन्यांत तो सर्रास नव्वद दिवसांचा असतो. एवढा कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: तुमच्या जागी माणूस शोधायला आणि त्याच्या हाती काम सोपवायला वेळ लागतो. हे कारण मला पटतं. पण माणूस गेल्यावर सावरायला कंपनीला जर तीन महिने लागतात, तर कंपनी गेल्यावर सावरायला माणसाला किती लागत असतील? त्याच्याकडे ना एचआर खातं असतं, ना कन्सल्टंट. तरीही कंपनीची बाजू कागदावर पक्की असते. नोटीस पुरी केल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर मिळत नाही, आणि त्या पत्राशिवाय पुढची कंपनी दारात उभं करत नाही. उलट्या बाजूने मात्र नियुक्तिपत्रात एक ओळ असते: 'कोणतेही कारण न देता' नोटीस देऊन किंवा तिच्याऐवजी पगार देऊन सेवा संपवता येईल. अनेक ठिकाणी हा पगारही नुसत्या बेसिकवर मोजतात.

कारखान्यातल्या कामगाराच्या बाबतीत आपल्या कायद्याने याहून सभ्य विचार केला होता. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी कलमं घातली गेली, त्यांनुसार वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागे. नोटीस दिली तर तिच्यात कारण लिहावं लागे. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागे. पुढे मालकाला पुन्हा माणसं घ्यायची झाली, तर कमी केलेल्या कामगाराला आधी विचारणं बंधनकारक होतं. म्हणजे 'काम उरलं नाही' म्हणून एकाला घालवायचं आणि मागच्या दाराने त्याच जागी दुसरा आणायचा, याला कायद्याने अडसर घातला होता. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तत्त्वं आहेत. आधी विचारण्याचं बंधन मात्र आता एका वर्षापुरतं आहे.

पण मॅनेजर या छत्राखाली येत नाही. व्यवस्थापकीय काम करणाऱ्याला कायदा कामगार मानत नाही, आणि देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार ठरावीक मर्यादेपुढे गेला की तोही बाहेर पडतो. ही मर्यादा आधी दहा हजार रुपये होती, नव्या संहितेत ती अठरा हजार आहे. शिकलेला, चांगल्या पगाराचा माणूस स्वतःची काळजी स्वतः घेईल, असा यामागचा विचार. तो काळजी घेऊ शकतो हे खरं, पण त्यासाठी त्याला वेळेवर कळायला हवं.

१९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी जलवाहतूक महामंडळाचा, नियुक्तिपत्रातल्या त्या ओळीसारखाच, नियम रद्द केला होता. कायम कर्मचाऱ्याला, अधिकाऱ्यालासुद्धा, कारण न सांगता तीन महिन्यांच्या नोटिशीवर घालवण्याची मुभा तो नियम देत होता. दोन्ही पक्षांची ताकद सारखी नसताना असा करार न्याय्य म्हणता येत नाही, ही न्यायालयाची भूमिका होती. खासगी कंपनीतल्या मॅनेजरला मात्र त्या निकालाचा थेट आधार मिळत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८२चा करार सांगतो की नोकरी संपवायला सबळ कारण हवं, आणि ठपका वागणुकीचा किंवा कामाचा असेल तर बाजू मांडायची संधी हवी. त्या कराराला भारताने मान्यता दिलेली नाही.

मग नुसतं उघड सांगितलं की झालं का? २०१७ साली अनिल कुंबळे भारतीय क्रिकेट संघाचे प्रशिक्षक होते. त्यांचा वर्षाचा करार संपत आला होता. २५ मे रोजी, चॅम्पियन्स ट्रॉफीला आठवडा उरलेला असताना, बोर्डाने त्या पदासाठी अर्ज मागवले. ते जाहीरपणे मागवले आणि कुंबळेंना निवडप्रक्रियेत थेट प्रवेश दिला, म्हणजे लपवाछपवी काही नव्हती. तरी २० जूनला त्यांनी राजीनामा दिला. कर्णधाराला आपल्या कार्यशैलीबद्दल आक्षेप आहेत, हे बोर्डाने आपल्याला आदल्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं, असं त्यांनी निवेदनात स्पष्ट लिहिलं. जाहिरात आधी निघाली आणि कारण जवळजवळ चार आठवड्यांनी कानावर आलं. माणसाला वेळ हवा असतो तसंच कारणही हवं असतं. कारण कळलं तर तो सुधारतो, वाद घालतो किंवा मान राखून बाजूला होतो. कारणच कळलं नाही तर यातलं काहीच करता येत नाही.

तिसरी गोष्ट ज्ञानाची. २०१४च्या ऑक्टोबरात डिस्नेच्या ऑरलँडोतल्या सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना नोकरी संपत असल्याचं कळवण्यात आलं, आणि त्यांच्यापैकी अनेकांना जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावं लागलं. येणारे भारतीय आयटी उद्योगातून आले होते. पुण्याच्या आयटीत 'केटी' (नॉलेज ट्रान्सफर) हा शब्द चहाइतका रोजचा आहे, आणि केटी घ्यायला टेबलापलीकडे बसलेली मुलं कित्येकदा आपल्या घरातली असतात. स्वतःच्या जागेचं ज्ञान स्वतःच्या हाताने देणं क्लेशकारकच. पण ऑरलँडोतल्या लोकांना आपण काय करत आहोत हे निदान ठाऊक होतं. भोसरीच्या त्या गृहस्थांकडून कामांची यादी घेतली ती ऑडिटचं खोटं कारण सांगून. वर्षानुवर्षांचा अनुभव असा फसवून काढून घेणं ही चोरी आहे, मग ती ऑफिसच्या वेळेत झालेली का असेना.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. दहा-वीस माणसांच्या फर्ममध्ये सगळे हिशेब एकाच अकाउंटंटच्या हातात असतात. त्याला आज सांगितलं आणि तो रागाने उद्यापासून आला नाही, तर वीस तारखेचं जीएसटी रिटर्न कोण भरणार? डेटा घेऊन गेला तर? ही भीती खरी आहे. पण ती एकाच माणसावर सगळा भार टाकल्यामुळे आलेली आहे. पासवर्ड दोघांकडे ठेवणं, काम लिहून ठेवणं, जोडीला एकाला तयार करणं ही रोजची शिस्त आहे. ती पाळली नाही याची किंमत अकाउंटंटने का मोजायची? आणि फारच धोका वाटत असेल तर सांगा आणि पूर्ण पगारावर घरी बसवा. त्यात पैसे जातात, हे मान्य. लपवून वाचतात ते हेच पैसे, आणि ते जातात त्या माणसाच्या खिशातून.

दुसरा आक्षेप असा की नोकरदार तरी कुठे सांगतात? तेही आजारपणाची रजा टाकून मुलाखती देतातच. देतात. पण नोकरदाराने राजीनामा दिला की कंपनीचे नव्वद दिवस तिथून सुरू होतात, शोधाला लागणारा वेळ तिला मिळतोच. शिवाय कंपनीची एक खुर्ची काही काळ रिकामी राहते. माणसाला काढलं तर त्याचं घर चालायचं थांबतं. अफरातफर किंवा लैंगिक छळ असली प्रकरणं वेगळी. तिथे निलंबन आहे, चौकशी आहे, आणि तीही समोरासमोर होते.

माझ्या मते बहुतेक वेळा गुप्ततेमागे डावपेच कमी आणि भीड जास्त असते. 'तुमचं काम आम्हाला पुरत नाही' हे तोंडावर सांगणं जड जातं, म्हणून साहेब वर्षभर अप्रेझलमध्ये 'गुड' लिहीत राहतात आणि एक दिवस कन्सल्टंटला फोन लावतात. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड साहेबाची असते आणि तिचं मोल दुसऱ्याचं कुटुंब चुकतं करतं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ज्या दिवशी शोध सुरू होतो, त्या दिवशी नोटीस सुरू झाली असं धरा. जाहिरात बाहेर पडण्याआधी त्या माणसाला बोलावून सांगा, कारण लेखी द्या, आणि केटी मागायची तर ती कशासाठी हे सांगून मागा. घर भाड्याने देणाऱ्याला नवा भाडेकरू घर दाखवायला आणायचा तर आधीच्याला विचारावं लागतं. माणसाच्या उपजीविकेला निदान तेवढा तरी मान असावा. आणि हे फक्त मालकांच्या हातात आहे असंही नाही. कन्सल्टंटचा फोन ज्याला येतो, त्याने एक प्रश्न विचारावा: या जागेवर आत्ता कोणी आहे का, आणि त्यांना हे माहीत आहे का? उत्तर टाळलं गेलं तर त्याला त्या कंपनीबद्दल पगाराच्या आकड्यापेक्षा मोठी माहिती मिळालेली असते. आज दुसऱ्याच्या पाठीमागे त्याला बोलावणारी कंपनी उद्या त्याच्या पाठीमागे तिसऱ्याला बोलावेल. उमेदवार हा प्रश्न नेमाने विचारू लागले, तर कायदा बदलायची वाट न पाहता ही पद्धत बदलायला सुरुवात होईल.