शंकासमाधान : नवा जन्म झाला, घर मात्र दुरावले

शंका : पाळकसाहेब, नवेगाव बांधला आमची धानाची शेती आहे. प्रभूने माझी दारू सोडवली, मी बाप्तिस्मा घेतला. पत्नी अजून विश्वासात आलेली नाही. घरात पूजा असली की मी निघून जातो. यंदा मंडईच्या उत्सवाला बहीण-जावई आले, तेव्हाही थांबलो नाही. आई रडते. भाऊ म्हणतो, "पीत होतास तेव्हा निदान आमचा तरी होतास." मंडळीतले एकजण सांगतात की प्रभूने तलवार आणली आहे, हे सोसावेच लागेल, पत्नी ऐकत नसेल तर वेगळे राहा. काय करू?

समाधान : भाऊ, पत्नीला सोडू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायात पौलाने हे स्पष्ट सांगितले आहे : विश्वास न ठेवणारी पत्नी नांदायला राजी असेल, तर विश्वासणाऱ्याने तिला टाकू नये. तलवारीचे वचन मत्तयाच्या 10व्या अध्यायात आहे. विश्वासापायी घरच्यांचा विरोध सोसावा लागेल, हे प्रभूने शिष्यांना तिथे आधीच सांगून ठेवले. तुम्हाला घरातून कोणी काढलेले नाही, तुम्हीच उठून जाता. याला छळ म्हणू नका.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. नागपूरहून गोंदियावरून राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते हलून गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या पंढरपूरला नातलगांकडे राहिल्या, पती-पत्नी काही वर्षे दुरावली. पुढे त्या अहमदनगरला आल्या, तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. टिळकांनी ते चालू दिले. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने पटले आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी टिळकांचा तापट स्वभावही लपवलेला नाही. बाप्तिस्म्याने माणसाचा स्वभाव एका दिवसात बदलत नाही. टिळकांसारख्या भक्ताचाही बदलला नाही, मग तुमचा-माझा कुठून बदलणार? पण त्यांनी पत्नीवर बळजबरी केली नाही, हे मला त्यांच्या कवितेइतकेच मोलाचे वाटते.

पूजेला हात जोडणे तुमच्या मनाला पटत नसेल तर जोडू नका. पण घरी थांबा, पाहुण्यांना पाणी द्या, सतरंज्या घाला, भांडी उचला. प्रसादाबद्दल आईशी आधी एकांतात बोला, चारचौघांत ताट सारू नका. मंडईला लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणचार होतो. त्या दिवशी कर्त्या मुलाने घर सोडले तर आईची मान गावात खाली जाते. बहिणीचे स्वागत करायला कोणत्या वचनाची आडकाठी आहे?

आणखी एक सांगतो, राग मानू नका. तुमच्या दारूने घरच्यांचे पैसे गेले, झोप गेली. तुम्हाला क्षमा मिळाली, पण त्यांचे नुकसान अजून भरून निघालेले नाही. त्यांनी लगेच विश्वास टाकावा ही अपेक्षा का? मार्काच्या 5व्या अध्यायात भूत निघालेला माणूस प्रभूबरोबर जायला निघाला होता. प्रभूने त्याला परत पाठवले, तेही त्याच्याच घरी, त्याच्याच माणसांकडे. तुमचीही साक्ष तिथेच आहे. पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात पत्नींना सांगितले की पतीला शब्दांवाचून, वागणुकीने जिंका. तो सल्ला पतींनाही लागू आहे असे मी मानतो. पत्नीला वचने ऐकवणे काही काळ थांबवा. धान विकल्यावर पैसे तिच्या हाती द्या.

शंका : विश्वासात येण्यापूर्वी मी भावाच्या बांधीचा धुरा थोडाथोडा कोरत आलो. त्याला कळलेले नाही. ख्रिस्तात जुने होऊन गेले, पापांची क्षमा झाली. मग आता हे उकरून काढायचे का?

समाधान : काढायचे. क्षमा देवाने केली, जमीन मात्र अजून तुमच्याकडेच आहे. जक्कयाच्या घरी प्रभू आला, तेव्हा ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देईन, असे तो स्वतःहून बोलला (लूक, अध्याय 19). प्रभूने त्याला जुने विसर म्हटले नाही. या घराला आज तारण झाले असे म्हटले. डोंगरावरील प्रवचनात तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. आपल्याकडे वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. शेजारच्या भावाला फसवून तेच पाणी घेत राहणे मला तरी प्रार्थनेशी जुळणारे वाटत नाही.

भाऊ चिडेल, कदाचित गावात बोलेल. ते ऐकून घ्या. आधी स्वतः त्याच्या घरी जाऊन सांगा, दुसऱ्याच्या तोंडून त्याला कळू देऊ नका. मग दोघांच्या संमतीने मोजणीचा अर्ज द्या, खर्च तुम्ही करा आणि रोवणी लागण्याआधी धुरा होता तिथे घाला.