स्वस्त ॲम्प्लिफायर आणि ओले सरपण

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक निवाडा जवळजवळ एकमताने लागून गेला आहे: ॲम्प्लिफायर स्वस्त असेल, तर त्याचा आवाज वाईटच असणार. या वाक्यात एक अनुमान दडले आहे आणि अनुमान कसे पारखावे हे न्यायशास्त्राने आपल्याला फार बारकाईने शिकवले आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त एक सदोष अनुमान दिलेले आहे. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे, असे कोणी म्हणाले तर ते टिकत नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. धूर निघतो तो अग्नीला ओल्या सरपणाची जोड मिळाल्यावर. अनुमानात न सांगितलेल्या या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. स्वस्त ॲम्प्लिफायरच्या बदनामीमागे अशीच एक उपाधी लपलेली आहे. दोष तिचा असतो आणि ठपका किमतीवर येतो, असे माझे मत आहे.

आधी लोखंडाचा गोळा पाहू. १९६४ साली ‘द किंक्स’ या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी एल्पिको नावाच्या लहानशा, स्वस्त ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने फाडला. त्यातून निघालेला खरखरीत आवाज ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्याची ओळख ठरला. ‘क्वीन’चे जॉन डीकन यांनी लंडनमध्ये कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर बनवला. त्याच बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी तो ‘गुड कंपनी’सारख्या गाण्यात वापरला आणि गिटारच्या थरांमधून अख्ख्या जाझ वाद्यवृंदाचा भास निर्माण केला. यावर आक्षेप असा, की हे सिद्धहस्त कलाकार होते आणि हाताशी स्टुडिओ होता. शिवाय एल्पिकोचा आवाज पुढे व्हॉक्स एसी-३० या मोठ्या ॲम्प्लिफायरमधून जात होता. आक्षेप खरा आहे. म्हणूनच या उदाहरणांवरून प्रत्येक स्वस्त ॲम्प्लिफायर उत्तम असतो, असे ठरत नाही. ठरते ते इतकेच, की स्वस्तपणा आणि वाईट आवाज यांचे साहचर्य अटळ नाही. नियम मोडायला एवढे पुरते.

मग ओले सरपण कोणते? बहुतेक स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये सहा किंवा आठ इंची स्पीकर छोट्याशा खोक्यात बसवलेला असतो. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की साधारण ८२ हर्ट्झचा मूळ स्वर निघतो. तो भरदारपणे उमटवण्याइतकी हवा एवढा स्पीकर हलवू शकत नाही. साध्या ट्रान्झिस्टर सर्किटवर क्षमतेपेक्षा जास्त ताण आला की ध्वनिलहरीचे माथे एकदम छाटले जातात आणि आवाज कानाला टोचतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ही छाटणी सहसा हळूहळू होते. पण म्हणून ट्रान्झिस्टरलाच दोषी धरता येत नाही. १९७५ सालचा रोलंडचा जेसी-१२० ट्रान्झिस्टरवरच चालतो आणि त्याचा स्वच्छ आवाज जगभर नावाजला जातो. दोष उमटतो तो लहान स्पीकर, छोटे खोके आणि क्षमतेबाहेरची अपेक्षा एकत्र आल्यावर. तोच ॲम्प्लिफायर घरातल्या खोलीत, मध्यम आवाजात, स्वच्छ सुरावर वाजवला तर तक्रारीचे बरेचसे कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हजारो वादकांचा अनुभव खोटा कसा म्हणायचा? अनुभव खोटा नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष तपासावा लागतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवले, की आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खर्जातले स्वर कमी ऐकू येतात. म्हणजे दबक्या आवाजातला छोटा ॲम्प्लिफायर आणि मोकळेपणाने वाजणारा मोठा, यांची तुलना सुरुवातीपासूनच असमान असते. त्यात छोट्यावर बहुधा नवशिका वाजवत असतो, त्याची गिटारही साधीच असते आणि या सगळ्याचा हिशेब एकट्या ॲम्प्लिफायरच्या नावावर मांडला जातो. एका बाबतीत मात्र अपकीर्ती मला रास्त वाटते आणि ती बाब म्हणजे टिकाऊपणा. पुष्कळ स्वस्त ॲम्प्लिफायरमध्ये केबल खुपसायचा जॅक थेट सर्किट बोर्डावर डागलेला असतो. केबलला बसणारा प्रत्येक हिसका त्या डागावर येतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या खरेदीच्या जवळ जातो. इथे काटकसर हेच दोषाचे कारण आहे, म्हणून इथे किमतीला बोल लावणे न्याय्य आहे.

एका यंत्राच्या नावलौकिकासाठी इतका काथ्याकूट का, असे कोणी विचारील. कारण हा निवाडा यंत्रापाशी थांबत नाही. ज्याला पहिला ॲम्प्लिफायर स्वस्तातलाच परवडतो, त्या शिकणाऱ्याला हा निवाडा सांगतो, की तुझ्या साधनातून संगीत निघणारच नाही. हे खोटे आहे आणि ज्याच्यापाशी दुसरा पर्याय नाही त्याला ते सांगणे अन्यायाचे आहे. म्हणून जाणकारांना माझी विनंती आहे: स्वस्त ॲम्प्लिफायरला जरूर नावे ठेवा, पण स्पीकर किती इंची, खोली केवढी, आवाज किती मोठा ठेवला होता, हे सांगून ठेवा. अट सांगितली की शिकणाऱ्याला आपला निर्णय स्वतः घेता येतो.